डीबग तपासण्या बंद कराव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं ऑफिस कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात. काम फौंड्रीवाल्यांचं: भट्टीचं तापमान, स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे, हीट नंबरप्रमाणे (भट्टीच्या प्रत्येक घाण्याच्या क्रमांकाप्रमाणे) नोंदी. बहुतेक सगळं सी प्लस प्लसमध्ये. दर जूनला कॉलेजातून नवी पोरं येतात आणि दुसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न टाकतात: "सर, डीबगच्या तपासण्या बंद केल्या की प्रोग्राम पळतो, मग आपण त्या ठेवतोच कशाला?" चहाच्या गाड्यावर उभ्याउभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही. तरी मी ते बरेचदा तिथंच दिलंय, आणि निम्मं दिलंय. उरलेलं निम्मं इथं.

डीबग तपासणी म्हणजे नेमकं काय?

लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड) वापरताना तुम्ही चुकाल, हे लायब्ररी लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तो आत प्रश्न विचारून ठेवतो. यादीत दहा आकडे असताना बारावा मागितलास का? परत केलेली मेमरी पुन्हा वापरतोयस का? शोधायला दिलेली यादी क्रमाने लावलेली आहे का? उत्तर चुकलं की प्रोग्राम तिथंच थांबतो आणि ओळ क्रमांक सांगतो. सी भाषेतला असर्ट हा यातला सगळ्यात ओळखीचा. एनडीबग हा मॅक्रो (कोडसाठी लावलेली खूण) लावून कंपाइल केलं, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवला, की असर्टच्या ओळी कोडमधून गायबच होतात.

पण या तपासण्या एका जातीच्या नाहीत, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. काही स्वस्त असतात: एक तुलना, संपलं. काही महाग असतात: हजारो नोंदींत दहा-पंधरा पावलांत शोध लागतो, पण यादी क्रमाने आहे का हे बघायला तपासणी अख्खी यादी चालून येते. आणि तिसऱ्या जातीच्या तपासण्या वस्तूचा आकारच बदलतात. पहिल्या दोन जातींचा हिशेब वेगाचा आहे. तिसरीचा नाही, तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

बंद केल्या तर प्रोग्राम किती पळेल?

मोजल्याशिवाय कोणी सांगत असेल तर तो फेकतोय.

दोन टोकं सांगतो. गूगलने २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरवरच्या सी प्लस प्लस कोडमध्ये लायब्ररीच्या मर्यादा-तपासण्या चालू ठेवल्या, तर सरासरी फटका ०.३० टक्के बसला. टक्क्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. उलट बाजूला एसक्यूलाइट हा डेटाबेस घ्या. असर्ट चालू ठेवले तर तो साधारण तिपटीने मंद होतो असं त्याचे कर्तेच लिहितात, म्हणून रिलीजमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या आवृत्तीत, ते बंद असतात. दोघंही खरं बोलतायत. गूगलने स्वस्त तपासण्या ठेवल्या. एसक्यूलाइटचे असर्ट हजारोंच्या संख्येने, अगदी आतल्या वाटांवर बसलेले आहेत.

स्वस्त तपासणी इतकी स्वस्त कशी? तिचं उत्तर प्रत्येक वेळी "ठीक आहे" असंच येतं, आणि आजचे प्रोसेसर असा अंदाज आधीच बांधून पुढे निघून जातात. महाग पडते ती आकड्यांच्या घट्ट लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये. तिथे कंपाइलर एरवी चार-आठ आकडे एकदम उचलतो आणि मधे तपासणी आली की पुन्हा एकेक उचलू लागतो.

अजून एक. पोरं डीबग बिल्ड (चुका शोधायला बांधलेला प्रोग्राम) आणि रिलीज बिल्ड शेजारी ठेवून म्हणतात, "बघा सर, तपासण्यांमुळे दहापट मंद." अरे, डीबग बिल्डमध्ये कंपाइलरचं ऑप्टिमायझेशनच (वेगासाठी कोड घोटून घेणं) बंद असतं. त्या मंदपणातला मोठा वाटा त्याचा असू शकतो. ऑप्टिमायझेशन चालू ठेव, फक्त तपासण्यांचा फ्लॅग (कंपाइलरचा स्विच) एकदा लाव, एकदा काढ, मग घड्याळ लाव.

सुसंगततेचा, म्हणजे वेगवेगळे बांधलेले भाग एकमेकांशी जुळण्याचा, यात काय संबंध? तपासणी बंद करणं म्हणजे फक्त एक ओळ काढणं ना?

स्वस्त तपासणीत तसंच असतं. तिसऱ्या जातीत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये इटरेटर डीबग लेव्हल नावाचा मॅक्रो आहे (इटरेटर म्हणजे यादीतल्या एका जागेवर ठेवलेलं बोट). शून्य म्हणजे तपासणी नाही, एक म्हणजे मूलभूत, दोन म्हणजे पूर्ण. ६४ बिटच्या मशीनवर लेव्हल शून्य असताना व्हेक्टर (सी प्लस प्लसमधली लागेल तशी वाढणारी यादी) २४ बाइटांचा असतो. आत तीन पत्ते: सुरुवात कुठे, शेवटचा आकडा कुठे संपतो, राखून ठेवलेली जागा कुठे संपते. लेव्हल एक किंवा दोन केलीत की त्यांच्या आधी चौथा पत्ता येऊन बसतो. या व्हेक्टरकडे बोट दाखवणारे इटरेटर कोणते, याचा हिशेब त्याच्यामार्फत ठेवला जातो. व्हेक्टर झाला ३२ बाइटांचा.

आता तुमचा कोड लेव्हल एकने कंपाइल झालाय आणि दुसऱ्याची लायब्ररी शून्याने. तुम्ही व्हेक्टर हातात दिलात. समोरचा पहिल्या आठ बाइटांना सुरुवात समजतो, पण तिथे हिशेबाचा पत्ता आहे. दुसऱ्या आठ बाइटांना तो शेवट समजतो, तिथे खरी सुरुवात आहे. त्याच्या लेखी यादीची लांबी म्हणजे मेमरीतल्या दोन असंबद्ध जागांमधलं अंतर.

फौंड्रीत मिसमॅच हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. वरचा आणि खालचा बॉक्स पिनांवर नीट बसला नाही की कास्टिंगचे दोन अर्धे एकमेकांवरून सरकलेले निघतात. दोन्ही बॉक्स आपापल्या जागी निर्दोष, माल मात्र रिजेक्ट. इथेही दोन्ही बाजूंचा कोड बिनचूक असतो.

पण असं काही असेल तर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ओरडत नाही का?

ओरडतो, आणि गंमत म्हणजे तोही मिसमॅच हाच शब्द वापरतो. एलएनके २०३८ ही चूक कधी ना कधी सगळ्यांनी पाहिलीय. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलवर (कंपाइल झालेल्या तुकड्यावर) लेव्हलची खूण असते, आणि दोन खुणा जुळल्या नाहीत की लिंकर पुढे जात नाही.

ही सोय आली त्यामागे इतिहास आहे. २००५ आणि २००८ च्या आवृत्त्यांमध्ये रिलीज बिल्डमध्येही मूलभूत तपासणी आपोआप चालू असायची. वेग हवा म्हणून लोक ती आपल्या प्रोजेक्टात बंद करायचे, पण बाहेरून आणलेल्या लायब्ररी तपासणीसकट बांधलेल्या असायच्या. लिंक व्हायचं, पहिल्या दिवशी चालायचंही, आणि मग कुठेतरी भलतीकडे कोसळायचं. २०१० मध्ये रिलीजसाठी मूळ सेटिंग शून्य केलं गेलं आणि खुणाही आल्या.

आता मेख ऐका. डीएलएल (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी वेगळी लायब्ररी) जोडताना आपण तिची इम्पोर्ट लायब्ररी, म्हणजे आत काय काय आहे याची नुसती यादी, लिंक करतो, आणि तिच्यात आतल्या ऑब्जेक्ट फाईलींच्या त्या खुणा येत नाहीत. म्हणजे स्टॅटिक लायब्ररीचा (प्रोग्राममध्येच मिसळून जाणाऱ्या लायब्ररीचा) मिसमॅच लिंकर पकडतो, डीएलएलचा पकडत नाही.

तुमच्याकडे असं कधी झालंय?

झालंय, म्हणून तर इतकं पोटतिडकीनं लिहितोय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी आम्ही स्पेक्ट्रोचे आकडे घेऊन ग्रेड ठरवणारा प्रोग्राम दिला होता. ग्रेडचे नियम एका बाहेरच्या पुरवठादाराच्या डीएलएलमध्ये. आम्ही कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक असे पाच आकडे व्हेक्टरमध्ये भरून तिला द्यायचो आणि ती पास की नापास सांगायची. मी शहाणपणा करून आमच्या रिलीज बिल्डमध्ये लेव्हल एक ठेवली होती. चूक वेळीच पकडली जावी, हा उद्देश. पुरवठादाराची शून्य होती. कंपाइलरची आवृत्ती तीच, दोन्ही रिलीज, रनटाइमही (भाषेची पायाभूत लायब्ररी) तोच. कुणी चकार शब्द काढला नाही.

दुपारच्या पाळीत फोन आला. भट्टी तयार, नमुन्याची चकती घासून स्पेक्ट्रोवर ठेवलेली, आणि पडद्यावर ग्रेड नापास. पुन्हा दाबलं तर प्रोग्रामच बंद. सुपरवायझर मामांचा आवाज अजून कानात आहे: "ओ साहेब, कार्बन किती ते सांगा, भट्टीतलं लोखंड तुमच्यासाठी थांबणार नाही." त्यांनी त्या दिवशी स्पेक्ट्रोच्याच पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून हीट सोडली.

कधी नापास, कधी क्रॅश, हे कोडं तीन दिवस सुटलं नाही. शेवटी पुरवठादाराला हातापाया पडून एक ओळ घालायला लावली: तुमच्या बाजूला व्हेक्टर किती बाइटांचा? २४. आमच्याकडे ३२. हिशेबाचा पत्ता आणि खरी यादी मेमरीत योगायोगाने जवळजवळ पडली तर डीएलएल मधला कचरा आकडे समजून वाचायची आणि नापास म्हणायची. लांब पडली तर वाचता वाचता हद्दीबाहेर जायची आणि प्रोग्राम कोसळायचा.

लेव्हल शून्य करून पाच मिनिटांत सुटलं असतं. आम्ही ते केलं नाही. डीएलएलच्या उंबऱ्यावर व्हेक्टर द्यायचाच बंद केला, फक्त पत्ता आणि संख्या देतो. आत ज्याने त्याने हव्या तेवढ्या तपासण्या ठेवाव्यात.

आम्ही लिनक्सवर जीसीसी हा कंपाइलर वापरतो. आम्हाला हे लागू आहे?

आहे, पण तिथे दोन नळ वेगळे आहेत, ते ओळखून सोडा.

ग्लिबसीएक्सएक्स असर्शन्स हा मॅक्रो हलका. मर्यादा आणि रिकामेपणा असल्या साध्या गोष्टी बघतो, आकार बदलत नाही. एका फाईलीत लावला, दुसरीत नाही, तरी मेमरीची मांडणी तीच. फेडोरा या लिनक्सने आवृत्ती २८ पासून आपली पॅकेजं याच्यासकट बांधायला घेतली. जीसीसी १५ मध्ये तर ऑप्टिमायझेशन नसलेल्या बिल्डमध्ये तो आपोआप चालू असतो.

ग्लिबसीएक्सएक्स डीबग हा जड. तो व्हेक्टर, मॅप वगैरेंच्या जागी वेगळीच, मोठी रूपं आणून ठेवतो. फंक्शनला थेट व्हेक्टर देत असाल तर नाव जुळत नाही आणि लिंक करताना चूक येते, तेवढं नशीब. पण व्हेक्टर तुमच्या एखाद्या स्ट्रक्टच्या (एका नावाखाली बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) पोटात असेल तर स्ट्रक्टचं नाव काही बदलत नाही. लिंक बिनबोभाट होतं. म्हणून हा लावायचा तर सगळं, बाहेरच्या लायब्ररींसकट, त्याच फ्लॅगने पुन्हा बांधायचं, नाहीतर लावायचाच नाही.

क्लँग या कंपाइलरवाल्यांची लिबसीएक्सएक्स ही लायब्ररी वापरत असाल तर त्यांच्या एलएलव्हीएम प्रकल्पाच्या आवृत्ती १८ पासून तिथे चार पायऱ्या आहेत: काहीच नाही, फास्ट, एक्स्टेन्सिव्ह, डीबग. पायरी निवडणं वेगळं आणि आकार बदलणारे पर्याय वेगळे, असं त्यांनी मुद्दाम विभागलंय, आणि आकार बदलणाऱ्यांच्या नावातच एबीआय (बांधलेल्या तुकड्यांमधली मांडणीची जुळणी) हा शब्द घातलाय. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

फक्त एका गरम, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या, फाईलीपुरत्या बंद केल्या तर?

मोह सगळ्यांना होतो. अडचण अशी की लायब्ररीची बरीचशी फंक्शनं हेडरमध्ये (इतर फाईली आत ओढून घेतात त्या फाईलीत) असतात, त्यामुळे प्रत्येक फाईलीत त्यांची प्रत तयार होते आणि लिंकर त्यातली कुठलीतरी एकच ठेवतो. तुम्ही एका फाईलीत असर्ट बंद केलेत, दुसरीत चालू. लिंकरने कुठली प्रत उचलली? फाईलींचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. वेगासाठी बंद केलेली तपासणी चालूच राहते, किंवा सुरक्षिततेसाठी ठेवलेली गुपचूप जाते. हलक्या तपासण्यांत सहसा एवढ्यावर भागतं, पण सी प्लस प्लसच्या नियमांत हे बसत नाही. त्यापेक्षा त्या लूपमध्ये कच्चा पॉइंटर (नुसता मेमरीचा पत्ता) घ्या, लूपच्या आधी एकदाच मर्यादा तपासा आणि बाकीचं जसं आहे तसं राहू द्या.

क्लायंटला सरळ डीबग बिल्डच दिला तर?

नका. मायक्रोसॉफ्टच्या डीबग रनटाइमच्या डीएलएल दुसऱ्याला वाटायची परवानगीच नाही, क्लायंटच्या मशीनवर त्या सापडणारही नाहीत.

डीबगमध्ये नीट चालतं, रिलीजमध्ये बिघडतं. म्हणजे तपासणी काढली म्हणूनच ना?

तपासणी काढल्याने चूक जन्माला येत नाही, फार तर उघडी पडते. नेहमीचे दोन गुन्हेगार आहेत.

पहिला: असर्टच्या कंसात काम लिहिणं. "असर्ट, फाईल उघडली का" असं लिहून उघडण्याची क्रियाच कंसात घातली, तर एनडीबग लागताच फाईल उघडणंही जातं. एका पोराने वजनकाट्याचा पोर्ट उघडणारी ओळ अशी लिहिली होती. त्याच्या टेबलावर काटा व्यवस्थित वजन दाखवायचा, साइटवर शून्य.

दुसरा: किंमत न भरलेला व्हेरिएबल. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये नवी मेमरी ठरावीक कचऱ्याने भरून मिळते, म्हणून तिथे चूक रोज एकसारखी दिसते. नोंदीत −८४२१५०४५१ किंवा −८५८९९३४६० असा आकडा दिसला तर डोकं खाजवू नका. पहिला हीपवरचा (मागून घेतलेल्या मेमरीतला), दुसरा स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला), दोन्हीचा अर्थ "इथे कुणी काही लिहिलंच नव्हतं". रिलीजमध्ये हे भरणं नसतं. तिथे आधीचं जे पडलेलं असेल तेच मिळतं, आणि ते कधीकधी बरोबरही दिसतं.

पायथन, जावा, रस्टवाल्यांना यातलं काय?

थोडक्यात. पायथनमध्ये वजा कॅपिटल ओ दिलं की असर्ट जातात, म्हणून लॉगिन किंवा परवानगीची तपासणी असर्टमध्ये कधीही लिहू नका. जावात असर्ट मुळातच बंद असतात, चालू करायला वजा ईए द्यावं लागतं. रस्टमध्ये पूर्णांकाचा ओव्हरफ्लो डीबगमध्ये पकडला जातो, रिलीजमध्ये आकडा गुंडाळून पुढे जातो. यादीच्या मर्यादेची तपासणी मात्र रिलीजमध्येही राहते.

सुसंगततेच्या दृष्टीने पायथनची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पूर्वी पायथनचा डीबग बिल्ड वापरायचा तर सीमध्ये लिहिलेली सगळी एक्स्टेन्शन्स त्याच्यासाठी पुन्हा बांधावी लागत, कारण प्रत्येक ऑब्जेक्टच्या सुरुवातीला जादा पॉइंटर बसायचे. आवृत्ती ३.८ मध्ये ती जादा नोंद डीबग बिल्डपासून तोडली आणि दोन्हींची मांडणी एक केली. तपासणी थोडी कमी झाली, पण ती वापरणं सोपं झालं.

तपासणी फसली तर प्रोग्राम थांबवायचा की फक्त नोंद करायची?

आपल्याकडे राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेच्या दोन पातळ्या आहेत. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ३९ ला कुणी शहर बंद करत नाही आणि ४३ ला कुणी नुसती वहीत नोंद करून झोपत नाही.

कोडमध्येही तसंच करा. अहवालातला रंग चुकला, तारखेचा साचा वेगळा आला, तर नोंद करा आणि पुढे जा. यादीबाहेर लिहिलं जातंय, मेमरी दोनदा परत होतेय, तर तिथंच थांबवा. त्यानंतर प्रोग्राम जे काही करेल त्यावर विश्वास ठेवता येत नाही. एसक्यूलाइटवाल्यांनी मधली वाटही काढलीय: "हे कधी होणारच नाही" अशा अटी चाचणीत असर्टसारख्या वागतात, पण रिलीजमध्ये अट तशीच राहते आणि चुकीची वेळ आलीच तर सांभाळून घेते.

वेगासाठी तपासणी गाळल्याने खरंच मोठं नुकसान झालंय का कुणाचं?

४ जून १९९६, एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून जसंच्या तसं आणलेलं. त्यात ६४ बिटचा दशांश आकडा १६ बिटच्या पूर्णांकात बसवला जात होता. असे धोक्याचे सात व्हेरिएबल होते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून चारांनाच संरक्षण दिलं, तीन उघडे ठेवले. जुन्या रॉकेटच्या वेगात ते तीन कधीच मर्यादा ओलांडणार नव्हते, म्हणजे निर्णय त्या वेळी चुकीचा नव्हता. नवं रॉकेट आडव्या दिशेने बरंच जोरात निघालं, त्या तिघांपैकी एक आकडा मावला नाही, आणि चाळीस सेकंदांच्या आसपास सगळं संपलं.

मला यातलं लागतं ते हे, की तपासणी काढताना केलेला हिशेब नवीन रॉकेटवर कुणी पुन्हा केला नाही. म्हणून आमच्याकडे तपासणी बंद केली की शेजारी का केली, कोणत्या आकड्यांच्या भरवशावर केली आणि कुणी मोजलं, हे कॉमेंटमध्ये लिहायचं. न लिहिता कोड आला तर मी परत पाठवतो. पोरं वैतागतात.

मग तुमच्याकडे आज काय सेटिंग आहे?

रिलीजमध्ये हलक्या, आकार न बदलणाऱ्या तपासण्या चालू. आकार बदलणाऱ्या सगळ्या बंद, क्लायंटच्या बिल्डमध्ये अपवाद नाही. महाग तपासण्या रात्रीच्या चाचणीत, तिथे सगळ्या लायब्ररी आमच्याच मशीनवर एकाच फ्लॅगने बांधलेल्या असतात. तिथेच ॲड्रेस सॅनिटायझरही (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावतो. तो वेग साधारण निम्म्यावर आणतो, पण रात्री तीन वाजता कुणाला घाई आहे? एका सॅण्ड प्लांटच्या प्रोग्राममध्ये एक लूप मोजून, कॉमेंट लिहून, बिनतपासणीचा ठेवलाय. फक्त एक.

बाहेरून तयार लायब्ररी घेताना पुरवठादाराला काय विचारायचं?

कंपाइलर कुठला आणि त्याची नेमकी आवृत्ती. रनटाइम स्टॅटिक की डीएलएल. तपासणीच्या मॅक्रोंच्या किमती, एकेक करून. उंबऱ्यावरून व्हेक्टर किंवा मॅप ये-जा करतात का, आणि तुम्ही दिलेली मेमरी मोकळी कोणी करायची. शक्य असेल तर एक छोटं फंक्शन मागून घ्या, जे त्यांच्या बाजूचे आकार बाइटांत सांगेल. प्रोग्राम सुरू होताना ते आपल्या आकारांशी ताडून बघा, जुळलं नाही तर सुरूच होऊ देऊ नका. आणि या सगळ्यावर "रिलीज बिल्ड आहे हो, बिनधास्त वापरा" एवढंच उत्तर आलं, तर तोच मेल पुन्हा पाठवा.